मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख (शालेय विषय)

मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख (लघुरूप : आयबीटी) हा महाराष्ट्रातील काही माध्यमिक शाळांत इयत्ता ८ वी ते १० वीसाठी शिकवला जाणारा पूर्वव्यावसायिक विषय आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ (ता. शिरूर) येथील विज्ञान आश्रमाने तो विकसित केला. धातुकाम हा त्यातील अभियांत्रिकी विभागाचा महत्त्वाचा भाग होय.

पार्श्वभूमी

हस्तोद्योगाला शिक्षणाचा पाया मानणारी ‘नई तालीम’ महात्मा गांधींनी १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत मांडली होती. पुढे हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन केंद्रातील नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३) यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली. पाठांतरात मागे पडणारी मुलेही प्रत्यक्ष कामातून विज्ञान आत्मसात करू शकतात, अशी त्यांची भूमिका होती.

स्वरूप

अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य असे या विषयाचे चार विभाग आहेत. मुले व मुली दोघेही चारही विभाग शिकतात. त्यासाठी आठवड्यातील एक दिवस राखून ठेवला जातो.

धातुकाम

कामाची सुरुवात आराखड्याने होते. विद्यार्थी वस्तूचे मापानुसार चित्र काढतात आणि साहित्य व मजुरी धरून खर्चाचा अंदाज करतात. त्यानंतर पोलादी पट्टी व गुण्याने आखणी, हॅक्सॉने कापणी, कानशीने घासणी आणि ड्रिलने छिद्रे पाडणे ही कामे होतात. पत्र्याचे जोड रिव्हेट किंवा डाख देऊन, तर लोखंडी पट्ट्या व नळ्यांचे जोड वेल्डिंगने केले जातात. वेल्डिंग करताना काळ्या काचेचा मुखवटा व हातमोजे आवश्यक असतात, कारण ठिणगीतील अतिनील किरणांमुळे डोळ्यांना इजा होते.

शैक्षणिक महत्त्व

शाळेच्या व गावाच्या गरजेच्या वस्तू बनवणे किंवा दुरुस्त करणे, म्हणजेच लोकोपयोगी सेवा, हा या पद्धतीचा गाभा आहे. वस्तू प्रत्यक्ष वापरात येणार असल्याने चूक लपत नाही : काटकोन चुकला तर बाक डुगडुगतो, डाख अपुरा पडला तर डबा गळतो. भूमिती, उष्णतेने होणारे प्रसरण आणि हिशेब यांचा पडताळा अशा प्रकारे कामातच मिळतो.

पाबळ येथे २००२ मध्ये फॅब लॅब सुरू झाली. त्यामुळे हातअवजारांच्या जोडीला संगणकनियंत्रित यंत्रेही उपलब्ध झाली.