मेंढीतील प्रायॉन-प्रतिरोध

मेंढीतील प्रायॉन-प्रतिरोध : स्क्रेपी रोगाचा प्रायॉन अंगात गेला तरी पेशीत त्याची वाढ होऊ न देण्याचा आनुवंशिक गुण. प्रायॉन म्हणजे चुकीची घडी पडलेले प्रथिन. चेतापेशींच्या पृष्ठभागावर पीआरपी नावाचे प्रथिन मुळातच असते. प्रायॉन त्याला भिडला की त्याचीही घडी बिघडते आणि हा बिघाड पुढे पसरत जातो. ‘प्रायॉन’ ही संज्ञा स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये योजिली.

लक्षणे : रोगी मेंढी खांबाला, बाभळीच्या बुंध्याला अंग घासत राहते, लोकर झडून कातडे उघडे पडते. शेपटीच्या मुळाशी बोटांनी खाजवले की ती मान उंचावून ओठ चघळल्यासारखे हलवते. खरजेतही मेंढी अंग घासते, म्हणून नुसत्या खाजेवरून निदान करू नये. लागण बहुधा कोकरूपणी होते, लक्षणे दोन ते पाच वर्षांनी दिसतात.

प्रतिरोधाचे स्वरूप : पेशीत पीआरपीच नसेल तर प्रायॉनाला कच्चा माल मिळत नाही. चार्ल्स वाइसमान यांच्या झुरिकच्या गटाने पीआरपीचे जनुक निकामी केलेले उंदीर १९९२ मध्ये तयार केले; त्यांना स्क्रेपी झाला नाही. पुढे नॉर्वेच्या दुभत्या शेळ्यांत निसर्गतःच पीआरपी नसलेले प्राणी सापडले, आणि ते धडधाकट होते. मेंढीत प्रथिन असते, पण त्यातले एक अ‍ॅमिनो अम्ल वेगळे असू शकते. १३६, १५४ व १७१ या तीन स्थानांवरून मेंढीचा प्रकार ठरवतात. ‘व्हीआरक्यू’ प्रकार सर्वांत लवकर बळी पडतो. ‘एआरआर’ या प्रकारात १७१ व्या जागी ग्लुटामीनऐवजी आर्जिनिन असते आणि अभिजात स्क्रेपी सहसा होत नाही. असे प्रथिन शेजारच्या साध्या प्रथिनाच्या घडीबदलातही आडकाठी करते, असे पेशीसंवर्धनातील प्रयोगांवरून दिसते. ते नेमके कसे, यावर एकमत नाही. प्रुसिनर गटाने कल्पिलेला ‘प्रोटीन एक्स’ हा मदतनीस आजवर हाती लागलेला नाही. एआरआर हे अभेद्य कवचही नव्हे : नॉर्वेत १९९८ मध्ये आढळलेला वेगळ्या धाटणीचा स्क्रेपी अशा मेंढ्यांनाही होतो.

वारेचा (जाराचा) मुद्दा पैदासकाराने विसरू नये. लागण झालेल्या मेंढीच्या वारेतून रोग कळपात पसरतो. पण पोटातले कोकरू एआरआर वाहणारे असेल तर त्या वारेत प्रायॉन साठत नाही. म्हणजे नराची निवड इथेही कामी येते. ब्रिटनने २००१ पासून नर मेंढ्यांची अशी निवड राष्ट्रीय योजना म्हणून राबवली.

सातारा-सांगली : माण, खटाव, आटपाडी, जत हा दख्खनी मेंढीचा टापू, जतची माडग्याळ मेंढी फुगीर नाकाची, लांब लोंबत्या कानांची आणि झपाट्याने वाढणारी. राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाची मेंढी प्रक्षेत्रे दहिवडी व रांजणी येथे आहेत. एका जनुकावरून नर निवडण्याचे काम मात्र फलटणला झाले, तेही वेगळ्या हेतूने. निंबकर कृषी संशोधन संस्थेने (स्थापना १९६८) सुंदरबनातील चिमुकल्या गारोल मेंढीचे ‘फेकबी’ जनुक दख्खनी कळपात आणून ‘नारी सुवर्णा’ घडवली. जनुकाची एकच प्रत असली तरी मेंढी बहुधा जुळी देते. रक्ताच्या नमुन्यावरून फेकबी ओळखण्याच्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा सहभाग होता. गंमत अशी, की फेकबीतही डीएनएचे एकच अक्षर बदलून (‘ए’चे ‘जी’) ग्लुटामीनच्या जागी आर्जिनिन येते. एआरआरमध्ये पीआरपीच्या १७१ व्या स्थानीही अगदी तेच घडते. जनुके निराळी, तपासण्याची रीत तीच. एआरआर नर निवडायचे झाल्यास कानातला बिल्ला, रक्ताचा थेंब आणि वंशावळीची वही ही सामग्री फलटणच्या धर्तीवर पुरेशी ठरेल.

भारतातील नोंद : हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांत स्क्रेपी, १९६१. गाईंच्या बीएसई या प्रायॉन-रोगाबाबत भारताला २०१० मध्ये ‘नगण्य जोखीम’ दर्जा मिळाला.

औषधी प्रतिबंध : क्विनाक्रिन हे औषध पेशीसंवर्धनात चालले, प्रायॉन-रोग झालेल्या माणसांत चालले नाही.