वॉर्डातली दुसरी वही

ब्रिटनमध्ये 1919 साली परिचारिका नोंदणी कायदा झाला आणि शिक्षित परिचारिकेचे नाव सरकारमान्य नोंदवहीत चढू लागले. रुग्णाला अंग पुसून देणारी, भांडे देणारी, कूस पालटून देणारी बाई मात्र या वहीबाहेरच राहिली. आपल्या इस्पितळांत जिला ‘मावशी’ म्हणतात, साधारण तीच ही बाई. वृद्ध आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या वॉर्डांत तर बहुतेक काम तिच्याच हातून होई. तिला पगार किती द्यायचा, हे मात्र देशपातळीवर कुणी ठरवले नव्हते.

युद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा सरकारला तिची आठवण झाली. परिचारिकांच्या वेतनाचा विचार करण्यासाठी 1941 मध्ये लॉर्ड रशक्लिफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 1943 मध्ये तिचा अहवाल आला आणि त्याच वर्षी नव्या कायद्याने दुसरी वही उघडली. पहिली ‘रजिस्टर’, ही ‘रोल’. रजिस्टरसाठी तीन वर्षांचे शिक्षण लागे, रोलसाठी दोन. आधीपासून काम करणाऱ्यांना अनुभवावरही प्रवेश मिळाला. स्वतःला ‘नर्स’ कुणी म्हणवून घ्यायचे यावरही या कायद्याने बंधन घातले. मुले सांभाळणाऱ्या दायांना तेवढी सूट मिळाली!

प्रमाणपत्र आणि पगाराची श्रेणी एकाच वर्षी आल्यामुळे वाढीचे श्रेय कागदाला द्यावेसे वाटते. मला ते पटत नाही. समितीने वेतनश्रेणी आखल्या आणि वाढीव खर्चाचा निम्मा भार सरकारी तिजोरीने उचलला, म्हणून पैसा आला. कोणी कुठल्या श्रेणीत बसायचे, एवढेच कागदाने ठरवले. आणि एकदा बसवल्यावर उठू दिले नाही.

याचा चटका सर्वाधिक बसला तो कॅरिबियन बेटांवरून आलेल्या मुलींना. 1948 मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि बार्बाडोस, जमैका, त्रिनिदादमधून तरुणींची भरती होऊ लागली. त्यांतल्या कित्येकींना दोन वह्यांमधला फरक न सांगताच रोलच्या अभ्यासक्रमात घातले गेले. अभ्यास पुरा झाल्यावर कळे, की या कागदावर वॉर्डची सिस्टर होता येत नाही आणि मायदेशी तर अनेक ठिकाणी त्याला मान्यताच नाही. 1961 मध्ये हुद्द्यातला ‘असिस्टंट’ शब्द गळला. छत तेवढेच राहिले.

1986 च्या ‘प्रोजेक्ट 2000’ या आराखड्यानंतर रोलचे प्रशिक्षण हळूहळू बंद पडले. काम थोडेच बंद पडणार? ते ‘हेल्थकेअर असिस्टंट’कडे गेले, म्हणजे पुन्हा वहीबाहेरच्या माणसाकडे. 2004 च्या वेतनकराराने कामाचे मूल्यमापन करून पगाराचे पट्टे पाडले. 2015 मध्ये या साहाय्यकांसाठी पंधरा निकषांचे ‘केअर सर्टिफिकेट’ आले. ते मिळवून कुणाचा पट्टा आपोआप बदलला नाही. मग दुसऱ्या पट्ट्याच्या पगारात रक्त काढणे, रक्तदाब नोंदवणे अशी तिसऱ्या पट्ट्याची कामे करणारे साहाय्यक ‘युनिसन’ या संघटनेच्या झेंड्याखाली एकत्र आले. 2023 मध्ये विरलच्या रुग्णालयात त्यांनी संप केला. अनेक ठिकाणी वरचा पट्टा आणि थकबाकी मिळाली ती अशी, करत असलेल्या कामाचा हिशेब मांडून.

मधल्या काळात इंग्लंडमध्ये 2019 पासून ‘नर्सिंग असोसिएट’ हा नवा हुद्दा आला आहे. इथे कागदाने पगार खरोखर वाढतो, कारण त्याच्यासाठी चौथा पट्टा आधीच राखून ठेवला आहे. प्रशिक्षण दोन वर्षांचे, नाव नोंदवहीत, आणि जागा पाचव्या पट्ट्यातल्या परिचारिकेच्या एक पायरी खाली.