गोदी-संप, लंडन (१८८९)

लंडन बंदरात माल चढविण्या-उतरविण्याचे काम करणाऱ्या रोजंदारी मजुरांनी १४ ऑगस्ट १८८९ पासून सुमारे एक महिना चालविलेला संप. यामुळे त्या काळच्या जगातील अग्रगण्य बंदराचा व्यवहार ठप्प झाला आणि अकुशल मजुरांची संघटना टिकू शकत नाही, हा तोवरचा दृढ समज मोडीत निघाला.

पूर्वपीठिका : सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर, आणि शिडाच्या गलबतांची जागा आगबोटींनी घेतल्यावर, माल महिनोन्‌महिने वखारीत साठवून ठेवण्याचे प्रयोजन उरले नाही, वखारभाडे हेच ज्यांचे मुख्य उत्पन्न त्या गोदी कंपन्या अडचणीत आल्या, आणि तशातच १८८६ मध्ये टिल्बरी येथे नवी गोदी बांधण्यात आल्याने परस्परस्पर्धा विकोपाला गेली. बोट धक्क्याला लागून राहिली की भांडवल अडकते, म्हणून बोटमालकास माल तत्काळ उतरवून हवा असे. बोटी मात्र वारा, भरती आणि हंगाम यांनुसार कधी एकदम येत, कधी मुळीच येत नसत. या अनिश्चिततेचा सारा भार कंपन्यांनी मजुरावर टाकला. सकाळी गोदीच्या दाराशी शेकडो माणसे गोळा होत. अडसरापलीकडे उभा असलेला मुकादम हवी तेवढी माणसे निवडी आणि त्याच्या हातचा बिल्ला मिळावा म्हणून माणसे एकमेकांच्या खांद्यांवर चढत. निवड झाली तरी काम तासा-दोन तासांत संपे, आणि मग तासाला पाच पेन्स या दराने हाती येईल तेवढ्यावर दिवस काढावा लागे.

संपाचा क्रम : साउथ वेस्ट इंडिया गोदीत ‘लेडी आर्मस्ट्राँग’ या जहाजावरील माल जलद उतरविल्याबद्दलच्या जादा रकमेच्या वाटपावरून तंटा उद्भवला. बेन टिलेट, टॉम मान आणि जॉन बर्न्स यांनी नेतृत्व पत्करले. तासाला सहा पेन्स, जादा वेळेस आठ पेन्स आणि एकदा कामावर घेतल्यास किमान चार तासांची मजुरी, या प्रमुख मागण्या होत्या. जहाजात माल रचणारे कुशल कामगार आपले स्वतंत्र गाऱ्हाणे नसताही सामील झाले आणि पडाववालेही आले, हे निर्णायक ठरले. कारण पडाव थांबले की नदीत नांगरलेल्या बोटीपासून काठावरच्या वखारीपर्यंतची वाटच तुटते. संपकऱ्यांची संख्या एक लाखाच्या आसपास अथवा त्याहून अधिक होती, असे अंदाज आहेत. पांढरी गवती टोपी घातलेल्या बर्न्सच्या मागे रोज व्यापारी पेठेतून मिरवणूक निघे, आणि मजुराचे जेवण धनिकांस दिसावे म्हणून काठ्यांना माशांची मुंडकी व सडके कांदे लटकविलेले असत. मिरवणुका शिस्तबद्ध राहिल्या. यामुळे मध्यमवर्गाची सहानुभूती मिळाली.

व्यापारावरील परिणाम : चहा, लोकर, धान्य, गोठविलेले मांस अशा नाना जिनसा बोटींच्या पोटात व वखारींत अडकून पडल्या. नाशवंत मालाचे नुकसान तर उघडच होते. परंतु अधिक दूरगामी गोष्ट अशी की, बोटमालक व गोदी कंपन्या यांच्या हितसंबंधांतील तेढ चव्हाट्यावर आली. बोटी खोळंबल्याने होरपळणारा मालक कंपन्यांवरच दबाव आणू लागला, काही धक्केवाल्यांनी कंपन्यांस वगळून मजुरांशी परस्पर करार केले, आणि मालकपक्षाची एकजूट फुटली.

ऑस्ट्रेलियाचे साहाय्य : ऑगस्टअखेरीस संपकऱ्यांना द्यावयाच्या शिधाचिठ्ठ्यांसाठीचा निधी आटला आणि संप मोडण्याच्या बेतात आला. अशा वेळी ऑस्ट्रेलियातून तारेने पैसे येऊ लागले व एकूण मदत ३०,००० पौंडांवर गेली. पौंडांचा हा ओघ नसता तर संप कोसळला असता, असेच बहुतेक अभ्यासक मानतात.

तडजोड : कार्डिनल मॅनिंग व लंडनचे नगराध्यक्ष यांच्या मध्यस्थीने मुख्य मागण्या मान्य झाल्या, नवे दर ४ नोव्हेंबरपासून लागू व्हावयाचे ठरले आणि १६ सप्टेंबर रोजी काम पुन्हा सुरू झाले. लोकस्मृतीत सहा पेन्स राहिले, तरी चार तासांच्या किमान मजुरीचा नियम हाच या संपाचा खरा लाभ मानला पाहिजे; कारण मजुराचा रिकामा वेळ ही कोणाचीच जबाबदारी नाही, या प्रथेला त्यानेच प्रथम छेद दिला.

नंतरचा काळ : मालकांनी १८९० मध्ये आपला शिपिंग फेडरेशन हा संघ स्थापन केला आणि मजुरांचा जोर लवकरच ओसरला. लंडनला साहाय्य करणाऱ्या ऑस्ट्रेलियातील १८९० चा सागरी संपही फसला. लंडन बंदर १९०९ मध्ये एका सार्वजनिक प्राधिकरणाच्या ताब्यात गेले.

दाराशी रोजची निवड मात्र चालूच राहिली. ब्रिटनमध्ये १९४७ च्या राष्ट्रीय योजनेने गोदी मजुरांची नोंदणी व काम नसलेल्या दिवसाचा हजेरी-भत्ता मान्य केला. मुंबईतही टोळीवाल्यांमार्फत मजूर घेण्याची पद्धत होती; भारत सरकारने १९४८ मध्ये गोदी कामगार (रोजगार नियमन) अधिनियम केला, आणि त्यान्वये १९५१ च्या योजनेने मुंबईच्या नोंदणीकृत गोदी कामगारास किमान मजुरीची हमी मिळाली.