सुटकेची किंमत

४ मार्च १९७९, रविवार. स्पेनमधल्या व्यावसायिक फुटबॉलच्या मैदानांवर त्या दिवशी चेंडू हलला नाही. खेळाडू संपावर गेले होते, आणि स्पॅनिश फुटबॉलमध्ये असे पहिल्यांदाच घडत होते. फ्रँकोची राजवट संपून जेमतेम तीन वर्षे झाली होती, नवी राज्यघटना येऊन तीन महिनेही झाले नव्हते. जानेवारी १९७८ मध्ये खेळाडूंनी आपली संघटना उभी केली होती आणि बेटिस, व्हॅलेन्सिया या संघांकडून खेळलेला किनो हा आघाडीपटू तिचा पहिला अध्यक्ष होता. इतर कामगारांसारखी सामाजिक सुरक्षा खेळाडूंना हवी होती. पण सगळ्यात जिव्हाळ्याची मागणी वेगळीच होती: करार संपला की आम्हाला जाऊ द्या.

आज ही मागणी वाचताना नवल वाटते. करार संपल्यावर माणूस मोकळाच असतो, त्यात मागायचे काय? पण स्पेनमध्ये तो मोकळा होत नसे. क्लबला खेळाडू ‘राखून ठेवण्याचा’ अधिकार होता. मुदत संपली तरी मानधनात दहा टक्के वाढ दिली की क्लब त्याला आणखी एक वर्ष ठेवून घेऊ शके, त्यानंतर पुन्हा एक वर्ष. खेळाडूची संमती कुणी विचारत नसे. पंचविशीतला खेळाडू तिशी कुठे गाठणार याचा निर्णय संचालकांच्या खोलीत होई.

ही रीत मूळची इंग्लंडची. तिथे १८९३ पासून ‘राखणे आणि बदली’ ही पद्धत होती. क्लबने नाव राखीव यादीत ठेवले की करार संपलेल्या खेळाडूला दुसरीकडे खेळता येत नसे, आणि पगार मिळेलच याचीही खात्री नसे. न्यूकॅसल युनायटेडच्या जॉर्ज ईस्टहॅमला १९६० मध्ये क्लब सोडायचा होता, पण क्लबने नकार दिला. ईस्टहॅम खेळायचा थांबला आणि दक्षिणेत जाऊन काही महिने बुचांची विक्री करून पोट भरू लागला. शेवटी त्याला आर्सेनलकडे जाता आले, तरी त्याने खटला मागे घेतला नाही. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी खेळाडूला असे राखून ठेवणे हा त्याच्या व्यवसायावरचा अवाजवी निर्बंध असल्याचा निकाल दिला. इंग्लंडमध्ये बेड्या सैल झाल्या. स्पेनमध्ये मात्र त्या आणखी दोन दशके तशाच राहिल्या.

स्पॅनिश खेळाडूंनी १९७९ नंतरही पुन्हा पुन्हा संप केले. १९८० च्या कामगार कायद्याने व्यावसायिक खेळाडू हा कामगारच असल्याचे मान्य केले, फक्त त्याचे नाते विशेष प्रकारचे ठरवले. २६ जून १९८५ रोजी सरकारने १००६ क्रमांकाचे फर्मान काढले. जगभर ज्याला आता रिलीज क्लॉज म्हणतात त्याचे स्पॅनिश मूळ या फर्मानाच्या सोळाव्या कलमात आहे.

कलम अगदी साधे आहे. खेळाडूने क्लबचा काही दोष नसताना, स्वतःच्या मर्जीने करार मोडला तर क्लबला भरपाई मिळेल. भरपाईचा आकडा दोघांनी आधीच ठरवला असेल तर तो लागू होईल. ठरवला नसेल तर कामगार न्यायालय ठरवेल, आणि ठरवताना खेळातली परिस्थिती, क्लबचे झालेले नुकसान आणि करार मोडण्यामागची कारणे पाहील. वर्षभराच्या आत खेळाडू दुसऱ्या क्लबकडे गेला आणि त्याने पैसे भरले नाहीत, तर ती जबाबदारी नव्या क्लबवर येईल.

आकडा लिहिलाच पाहिजे, असे कायदा कुठेही म्हणत नाही. पण निर्णय न्यायाधीशावर सोडायला क्लब तयार नव्हते. म्हणून लवकरच स्पेनमधल्या जवळपास प्रत्येक करारात एक आकडा दिसू लागला. आणि खेळाडूंनी संप करून मिळवलेल्या हक्काची चावी तिथेच क्लबांच्या हातात गेली, कारण आकडा किती मोठा असावा याला कायद्याने मर्यादा घातलेली नव्हती. सामान्य खेळाडू करारावर सही करतो तेव्हा त्याला पगाराची आणि मुदतीची घाई असते. भरपाईची रक्कम क्लबच्या वकिलाने आधीच टंकून आणलेली असते.

१९९० च्या दशकात खासगी दूरचित्रवाणीचा पैसा फुटबॉलमध्ये आला आणि हे आकडे कागदावरून उठून मैदानात उतरले. बार्सिलोनाने १९९६ मध्ये ब्राझीलचा रोनाल्डो विकत घेतला. विशीतल्या या पोराने एका मोसमात ४९ सामन्यांत ४७ गोल केले. क्लबने नवा करार करायचे ठरवले, बोलणी झाली आणि फिस्कटली. जुन्या करारातली करारमुक्तीची रक्कम होती ४०० कोटी पेसेटा. इटलीच्या इंटर मिलानने १९९७ च्या उन्हाळ्यात ती भरायची तयारी दाखवली आणि जगातला सर्वोत्तम आघाडीपटू बार्सिलोनाच्या डोळ्यांदेखत निघून गेला.

जखमी बार्सिलोनाने मग तेच हत्यार दुसऱ्यावर चालवले. त्याच ऑगस्टमध्ये खरेदीची मुदत संपत आली असताना त्यांनी डेपोर्तिवो ला कोरुन्याच्या रिव्हाल्डोच्या करारातले ४०० कोटी पेसेटा भरून टाकले. मोसम तोंडावर आलेला, मुख्य खेळाडू गेलेला आणि बदली शोधायला वेळ नाही, अशी डेपोर्तिवोची अवस्था झाली. दोन वर्षांनी रिव्हाल्डोने युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा सोनेरी चेंडू जिंकला.

क्लबांनी यातून एकच बोध घेतला: आकडा वाढवा. १९९८ मध्ये बेटिसने विक्रमी किमतीला ब्राझीलचा डेनिल्सन आणला आणि त्याच्या करारात साडेसहा हजार कोटी पेसेटा लिहिले. आजच्या हिशेबाने ते जवळपास ३९ कोटी युरो होतात. कुणी भरावे म्हणून तो आकडा लिहिलाच नव्हता.

त्यापुढे लुईस फिगोच्या करारातले एक हजार कोटी पेसेटा माफक वाटावेत, पण तेव्हा तीही कुणी भरेल अशी रक्कम नव्हती. फिगो बार्सिलोनाचा लाडका खेळाडू होता. २००० च्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक होती. लॉरेन्झो सान्झ हे विद्यमान अध्यक्ष तीन वर्षांत दोनदा युरोपचा चषक जिंकून आलेले होते. त्यांच्यासमोर उभे राहिले बांधकाम उद्योजक फ्लोरेंतिनो पेरेझ. पेरेझ यांनी फिगोच्या एजंटशी आधीच करार करून ठेवला होता आणि सभासदांना आश्वासन दिले होते की मी निवडून आलो तर फिगो येईल, नाही आला तर तुमच्या मोसमी तिकिटांचे पैसे मी भरेन. माद्रिदच्या मतदाराचा त्यात तोटा कुठेच नव्हता.

पेरेझ १६ जुलैला जिंकले. २४ जुलैला फिगो माद्रिदच्या पांढऱ्या जर्सीत उभा होता आणि ती जर्सी त्याला देणारे होते खुद्द माद्रिदचे जुने दिग्गज आल्फ्रेडो दि स्टेफानो. बार्सिलोनाला कुणी ‘विकाल का?’ असे विचारलेसुद्धा नाही, कारण विचारायची गरज नव्हती. ठरलेली रक्कम पोहोचली की क्लबच्या होकार-नकाराला अर्थ उरत नाही. राग मग फिगोवर निघाला. नोव्हेंबर २००२ मध्ये तो बार्सिलोनाच्या कॅम्प नाऊ मैदानावर कॉर्नर घ्यायला गेला तेव्हा बाटल्यांच्या जोडीला डुकराचे मुंडके मैदानात येऊन पडले. पंचांना सामना काही काळ थांबवावा लागला.

ही रक्कम भरण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. कायद्याच्या भाषेत खेळाडू स्वतःच आपला करार मोडतो, म्हणून पैसेही त्याच्याच नावाने भरावे लागतात. सहसा त्याचा वकील ती रक्कम माद्रिदमध्ये लीगच्या कार्यालयात जमा करतो, लीग ती क्लबला कळवते आणि खेळाडू मोकळा होतो. यात अडचण कराची होती. नव्या क्लबने दिलेले पैसे हे खेळाडूचे उत्पन्न मानले जाई आणि त्यावर प्राप्तिकराचा मोठा बोजा पडण्याची भीती असे. २०१६ मध्ये स्पॅनिश करखात्याने ही भूमिका बदलली आणि बाहेरच्या श्रीमंत क्लबांचा रस्ता सोपा झाला.

बिल्बाओच्या अॅथलेटिक क्लबइतका या कलमाचा अनुभव क्वचितच कुणाच्या वाट्याला आला असेल. हा क्लब फक्त बास्क मातीतलेच खेळाडू खेळवतो. गेलेल्याची जागा भरायला जगाची बाजारपेठ त्याला उघडी नाही, म्हणून बोलणीच करायची नाहीत, पूर्ण रक्कम भरा आणि न्या, असे त्याचे धोरण आहे. हावी मार्टिनेझ सतरा वर्षांचा असताना अॅथलेटिकनेच २००६ मध्ये ओसासुनाला ६० लाख युरो मोजून त्याला आणले होते. २०१२ मध्ये बायर्न म्युनिकने त्याच्यासाठी पूर्ण चार कोटी युरो भरले. २०१८ मध्ये बचावपटू लापोर्तसाठी मँचेस्टर सिटीने साडेसहा कोटी आणि गोलरक्षक केपासाठी चेल्सीने आठ कोटी युरो मोजले. त्या धोरणामुळे अॅथलेटिकला प्रत्येक वेळी खेळाडूची पूर्ण किंमत मिळाली.

स्पेनबाहेर हे कलम निराळे वागते. इंग्लंडमध्ये ते कायद्यातून येत नाही, फक्त करारातल्या शब्दांतून येते. लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझच्या करारात चार कोटी पौंडांचा उल्लेख आहे असे कळल्यावर आर्सेनलने २०१३ मध्ये चार कोटी आणि वर एक पौंड असा प्रस्ताव पाठवला. लिव्हरपूलने तो धुडकावला. एवढ्या रकमेनंतर क्लबने विकलेच पाहिजे की फक्त बोलणी करायची, यावर वाद झाला. पुढच्या वर्षी लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री यांनी एका परिषदेत सांगून टाकले की कलम होते, पण आम्ही विकायचे नाही असे ठरवले. जर्मनीत कलम पाळले जाते, पण ते वेळ पाहत नाही. एप्रिल २०१३ मध्ये बायर्नने डॉर्टमुंडच्या मारिओ गोट्झेसाठी ३ कोटी ७० लाख युरोंचे कलम वापरल्याची बातमी डॉर्टमुंडच्या चॅम्पियन्स लीग उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी फुटली.

भारतात इंडियन सुपर लीग आल्यावर रिलीज क्लॉज हा शब्द गोव्या-मुंबईच्या फुटबॉलप्रेमींच्याही तोंडी बसला. २०१९-२० च्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला एफसी गोवाचा ह्युगो बूमू २०२० मध्ये मुंबई सिटीकडे गेला. त्यासाठी मुंबईने १ कोटी ६० लाख रुपयांचे कलम भरल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा हेही गोव्याहून मुंबईला आले आणि त्या मोसमात मुंबईने लीग शील्ड आणि चषक दोन्ही पटकावले. गोव्यातल्या फातोर्ड्याच्या प्रेक्षकांना ला कोरुन्याच्या प्रेक्षकांचे दुःख वेगळे समजावून सांगायची गरज उरली नाही.

पुन्हा स्पेनकडे येऊ. बार्सिलोनाने ऑक्टोबर २०१६ मध्ये नेमारशी नवा करार केला, त्यात पहिल्या वर्षासाठी २० कोटी, दुसऱ्यासाठी २२ कोटी २० लाख आणि पुढे २५ कोटी युरो असा चढता आकडा होता. जगातली तोवरची सर्वात महाग बदली पॉल पोग्बाची, साडेदहा कोटी युरोंची. दुप्पट रक्कम कोण मोजणार, असा हिशेब होता. पण कतारच्या पैशावर उभ्या असलेल्या पॅरिस सेंट-जर्मेनसाठी तो हिशेब वेगळा होता. ३ ऑगस्ट २०१७ रोजी नेमारचा वकील धनादेश घेऊन लीगच्या कार्यालयात गेला. आर्थिक शिस्तीच्या नियमांचा मुद्दा काढून लीगने तो घ्यायला नकार दिला. मग त्याच दिवशी तो थेट बार्सिलोनाच्या कचेरीत पोहोचला आणि रक्कम तिथे भरली. ज्या फ्रान्समध्ये व्यावसायिक लीगने असे कलम करारात लिहायलाच मनाई केली होती, तिथला क्लब हे करून गेला.

त्यानंतर बार्सिलोनाने डेम्बेले आणि कुटिन्यो यांच्या करारात ४० कोटी लिहिले, मेस्सीच्या करारात ७० कोटी. २०२१ मध्ये पेद्री आणि अन्सू फाती यांच्यासाठी तो आकडा १०० कोटी युरोंवर गेला. ऑगस्ट २०२० मध्ये बायर्नकडून २-८ असा पराभव झाल्यानंतर मेस्सीने जायचे ठरवले आणि क्लबला तशी नोंदणीकृत नोटीस पाठवली. मोसमाअखेर विनामूल्य जाण्याची सवलत त्याच्या करारात होती, पण क्लबच्या मते तिची तारीख जूनमध्येच उलटून गेली होती. महामारीमुळे मोसम ऑगस्टपर्यंत लांबला होता, हे मेस्सीचे म्हणणे. लीगने क्लबची बाजू घेतली. ७० कोटी भरा नाहीतर कोर्टात या, हे दोनच पर्याय उरले, तेव्हा आपल्या आयुष्यभराच्या क्लबला कोर्टात खेचायचे नाही म्हणून मेस्सी आणखी एक वर्ष थांबला. जगातल्या सर्वात ताकदवान खेळाडूची ही गत, तर दुसऱ्या फळीतल्या बचावपटूने काय करावे?

खेळाडूंच्या बाजूने उत्तर स्पॅनिश न्यायालयांतच सापडते. २००५ मध्ये तरुण बचावपटू इबान झुबिआउरे रेआल सोसिएदाद सोडून अॅथलेटिककडे गेला. त्याच्या करारात तीन कोटी युरो लिहिलेले होते. न्यायालयाने भरपाई ठरवली ५० लाख युरो, म्हणजे लिहिलेल्या रकमेचा सहावा हिस्सा. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने लसाना दियारा या खेळाडूच्या प्रकरणात फिफाचे करारभंगाचे काही नियम कामगारांच्या मुक्त संचाराच्या आणि स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध ठरवले. फिफाला भरपाईचे नियम बदलावे लागले.

स्पेनमधले १९८५ चे फर्मान मात्र आहे तसेच आहे, आणि त्यात दुरुस्ती हवी. भरपाईची रक्कम खेळाडूच्या वार्षिक मानधनाच्या ठरावीक पटीत बांधून द्यावी, म्हणजे दीड लाख युरो कमावणाऱ्याच्या करारात पाच कोटी लिहिता येणार नाहीत. घडवलेल्या खेळाडूचा मोबदला क्लबला मिळेलच, आणि तो मिळालाही पाहिजे, विशेषतः लहान क्लबला. पण तो किती असावा हे ठरवताना खेळातली परिस्थिती, झालेले नुकसान आणि जाण्यामागची कारणे पाहावीत असे सोळाव्या कलमाने न्यायाधीशांना सांगून ठेवलेच आहे. तीच तीन मापे सही करण्याआधी करार लिहिणाऱ्यांनाही लावली, तर १९७९ च्या संपकऱ्यांनी जे मागितले ते पेद्रीपासून तिसऱ्या श्रेणीतल्या गोलरक्षकापर्यंत सगळ्यांना मिळेल.