मेणबत्ती आणि कागदावरची भिंत

मेणबत्ती म्हटलं की आपल्याला लोडशेडिंग आठवतं, नाहीतर नातवंडांचा वाढदिवस. आज ज्या मेणबत्तीबद्दल लिहितोय ती २२ मार्च १९७५ रोजी दुपारी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एका अणुवीजकेंद्रात पेटवलेली होती. वीज गेली म्हणून नव्हे, हवेची गळती शोधायला!

मी कला शाखेचा माणूस, अणुभट्टी हा काही माझा प्रांत नव्हे. पण ही गोष्ट अणूची कमी आणि माणसांच्या सवयींची जास्त आहे, म्हणून सांगायचं धाडस करतो.

टेनेसी नदीच्या काठावर ब्राउन्स फेरी नावाचं केंद्र आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या आणि इथल्या अणुभट्ट्या एकाच कंपनीच्या, जनरल इलेक्ट्रिकच्या, आणि एकाच जातीच्या, म्हणजे उकळत्या पाण्याच्या. त्या दिवशी पहिलं आणि दुसरं युनिट चालू होतं, तिसऱ्याचं बांधकाम चाललं होतं. नियंत्रण कक्षाच्या खाली केबलची खोली असते. तिथून शेकडो केबल भिंतीतल्या भोकांतून अणुभट्टीच्या इमारतीत जातात. त्या इमारतीत हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे हवा बाहेर न जाता आतच ओढली जावी. त्यासाठी भिंतीतली भोकं नीट बुजवलेली हवीत. बुजवायला वापरला होता पॉलियुरेथेन फोम. आणि तो नीट बसलाय की नाही ते बघायची पद्धत काय, तर भोकाजवळ मेणबत्ती धरायची. ज्योत वाकली की गळती आहे असं समजायचं.

ज्योत वाकली. नुसती वाकली नाही, आत ओढली गेली आणि फोमने पेट घेतला. कामगारांनी हाताशी होतं त्याने ती विझवायचा प्रयत्न केला, पण वाऱ्याच्या ओढीने आग भिंतीपलीकडे गेलीसुद्धा. मला सगळ्यात जास्त खटकली ती गोष्ट वेगळीच. दोनच दिवस आधी तिथेच, त्याच पद्धतीने काम करताना एक छोटी आग लागली होती आणि ती विझवली होती. विझली ना, मग झालं! मेणबत्ती चालूच राहिली.

आग सुमारे सात तास जळत होती. सोळाशेहून अधिक केबल खराब झाल्या, त्यातल्या सहाशेहून अधिक सुरक्षेच्या यंत्रणांच्या होत्या. वर नियंत्रण कक्षात दिवे आपोआप लागत होते, विझत होते, पंप आपोआप सुरू होत होते. पहिल्या युनिटची गाभा थंड करायची आणीबाणीची व्यवस्थाच हातची गेली. अणुभट्टी बंद केली की संपलं, असं नसतं. चुलीतली लाकडं ओढून घेतली तरी निखारे धगधगत राहतात, तसं इंधन पुढे कितीतरी काळ उष्णता देत राहतं. त्यावर पाणी सोडत राहावंच लागतं. त्या दिवशी पाण्याची पातळी खूप खाली गेली, पण इंधन उघडं पडलं नाही. तिथल्या लोकांनी एरवी या कामाचे नसलेले पंप वापरून पाणी चालू ठेवलं, म्हणून निभावलं. बाहेर किरणोत्सर्गही पसरला नाही.

आग विझली कशी, ते पण ऐका. गावातल्या अग्निशमन दलाचे प्रमुख दुपारपासून सांगत होते की पाणी मारा. केंद्राचे अधिकारी विजेच्या केबलवर पाणी मारायला तयार नव्हते. अखेर संध्याकाळी परवानगी मिळाली आणि मग आग थोड्याच वेळात आटोक्यात आली. अणुशास्त्र शिकलेल्यांपेक्षा बंबवाल्याचं ज्ञान त्या दिवशी खरं ठरलं.

अमेरिकेचा अणुऊर्जा नियामक आयोग तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा होता, १९ जानेवारी १९७५ ला सुरू झालेला. या आगीने त्याला धडा मिळाला तो असा. अणुकेंद्रात महत्त्वाची प्रत्येक यंत्रणा दोन-दोन ठेवतात. एक बिघडली तर दुसरी. पण दोन्हींच्या केबल शेजारून जात असतील तर एकाच आगीत दोन्ही जातात, मग दोन ठेवून उपयोग काय? आपल्याकडे दाराची दुसरी किल्ली पहिल्या किल्लीच्याच जुडग्यात अडकवतात, त्यातला प्रकार.

नोव्हेंबर १९८० मध्ये नियम आला. दोन यंत्रणांच्या केबलमध्ये तीन तास आग थोपवील अशी आड हवी. किंवा मध्ये वीस फूट मोकळं अंतर हवं, त्यात जळण्यासारखं काही नको, शिवाय आगीची सूचना देणारी आणि आपोआप आग विझवणारी व्यवस्था हवी. किंवा तीच व्यवस्था ठेवून एक तास टिकणारी आड हवी. नियम सुटसुटीत. पण केंद्रं तर आधीच बांधलेली, केबल जिथे होत्या तिथे होत्या. भिंती कुठे उभ्या करणार? मग कंपन्यांनी सोपा मार्ग काढला. केबल ठेवायच्या लोखंडी-अॅल्युमिनियमच्या तबकांना आणि नळ्यांना बाहेरून अग्निरोधक आवरण चढवायचं. त्यात सर्वांत जास्त खपलं ते सेंट लुईस इथल्या एका कंपनीचं थर्मो-लॅग ३३०-१. उष्णता लागली की ते फुगतं, त्याची वाफ होते आणि त्यात उष्णता खर्ची पडून आतली केबल वाचते, अशी कल्पना. सत्तरहून अधिक अणुभट्ट्यांमध्ये ते बसलं. सोबत चाचणीची प्रमाणपत्रं होती. आयोगाने कागद पाहिले आणि मान्यता दिली.

अशा आवरणाची परीक्षा कशी घेतात ते सांगतो. मोठ्या भट्टीत ते आवरण चढवलेलं तबक ठेवतात आणि ठरलेल्या आलेखाप्रमाणे आच वाढवतात. पाच मिनिटांत साधारण ५३८ अंश सेल्सियस, तासाभरात ९२७, तीन तासांनी १०५२. आतल्या बाजूचं तपमान सरासरी १३९ अंशांपेक्षा जास्त वाढता कामा नये. पास किंवा नापास, ग्रेस मार्क नाहीत.

१९८९ मध्ये लुइझियाना राज्यातल्या रिव्हर बेंड केंद्राने रुंद तबकावर हे आवरण चढवून ही परीक्षा घेतली. तीन तास टिकायला हवं होतं, ते दीड तासही टिकलं नाही. १९९२ मध्ये आयोगाने स्वतः चाचण्या करवल्या. एक तासाचं म्हणून विकलेलं पॅनेल अर्धा तासही मर्यादेत राहिलं नाही. पुढे तर असंही आढळलं की हे अग्निरोधक द्रव्य स्वतःच जळू शकतं. म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं.

ऑगस्ट १९९२ मध्ये आयोगाच्याच महानिरीक्षकांचा अहवाल आला. आपल्याच खात्याबद्दल त्यांनी स्पष्ट लिहिलं की कर्मचाऱ्यांनी चाचण्यांची माहिती पुरेशी तपासली नाही, आणि आधीपासून तक्रारी येत असूनही त्यांचा पाठपुरावा केला नाही. १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सुनावणी झाली. उत्पादक कंपनीवर खटलाही झाला, पण १९९५ मध्ये ज्युरीने तिला निर्दोष ठरवलं. तेव्हा एकाच कोणाला खलनायक करून मोकळं होता येत नाही. विकणाऱ्याने कागद दिला, घेणाऱ्याने तो फाइलला लावला, तपासणाऱ्याने फाइल पाहिली. भट्टीत घालून कोणीच पाहिलं नाही, तेही दहा वर्षं.

बरं, दोष कळला, मग काढून टाका आणि दुसरं बसवा! इतकं सोपं नव्हतं. एकेका केंद्रात हे आवरण शेकडो-हजारो फूट चढवलेलं. अडचणीच्या जागा, काही ठिकाणी किरणोत्सर्ग. जाड थर द्यावा तर वजन वाढतं, आणि भूकंपाचा विचार करून बांधलेले आधार ते पेलतील का हे पुन्हा मोजावं लागतं. शिवाय विजेची केबल मुळात गरम होते. तिला जाड दुलईत गुंडाळलं तर उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून तिच्यातून जाणारा प्रवाह कमी करावा लागतो. तेव्हा कुणी वरून आणखी थर चढवले, कुणी दुसऱ्या द्रव्याचं आवरण आणलं, कुणी केबलच दुसऱ्या वाटेने नेल्या, कुणी हिशेब मांडून सवलत मागितली. वर्षं जात राहिली. १९९८ मध्ये आयोगाला अनेक केंद्रांवर मुदतीचे आदेश काढावे लागले.

आणि या मधल्या वर्षांत काय? मधल्या वर्षांत गस्त! ही गोष्ट वाचली आणि मी पुस्तक मिटून बसलो. जिथे आवरण भरवशाचं नाही तिथे दर तासाला एका माणसाने फेरी मारायची, धूर-बीर दिसतो का बघायचं आणि नोंदवहीत सही करायची. तात्पुरती सोय म्हणून. ही तात्पुरती सोय कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं चालली. अब्जावधी डॉलरचं केंद्र, आणि आगीपासून रक्षण कोण करतंय, तर हातात वही घेतलेला एक माणूस. आमच्या लहानपणी रात्री काठी आपटत जाणारा गुरखा आठवला. गुरख्याला मी कमी लेखत नाही, माणसाचे डोळे यंत्रापेक्षा चांगलेच. पण तो तासातून एकदा येतो, आणि आग काही त्याच्या वेळापत्रकाने लागत नाही.

यातून सगळे शहाणे झाले असतील असं वाटेल. पण २००५ मध्ये हेमिक नावाच्या दुसऱ्या आवरणाची चाचणी झाली. तेही १९८० च्या दशकापासून वापरात होतं. भट्टीत त्याचं बाहेरचं कापड आकसलं, सांधे उघडे पडले आणि तेही नापास झालं. २००६ मध्ये पुन्हा सगळ्या केंद्रांना पत्रं गेली. २००८ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने अहवाल दिला, त्यात १९९५ ते २००७ या काळात ५४ केंद्रांवर १२५ आगी लागल्याची नोंद आहे. त्यातल्या एकीनेही केंद्र बंद करण्याच्या क्षमतेला मोठा धोका पोचला नाही, हेही त्यात लिहिलंय. पण तात्पुरत्या उपायांवर वर्षानुवर्षं विसंबून राहणं बरं नाही, हेही सांगितलंय.

आता कोणी म्हणेल, काका, अमेरिकेचं कशाला उगाळताय? तर आपल्याकडचंही ऐका. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे साडेतीनच्या सुमारास उत्तर प्रदेशात गंगेकाठच्या नरोरा केंद्रात पहिल्या युनिटच्या टर्बाइनची पाती तुटली. हायड्रोजन आणि तेल पेटलं आणि आग केबलवरून पसरत गेली. मुख्य आणि राखीव विजेच्या केबल इथेही जवळजवळ होत्या, मध्ये पुरेशी अग्निरोधक आड नव्हती. ब्राउन्स फेरीला तेव्हा अठरा वर्षं झाली होती! सतरा तास त्या युनिटला वीज नव्हती. नियंत्रण कक्षात धूर भरला, माणसांना बाहेर पडावं लागलं. अणुभट्टी मिनिटाच्या आत बंद केलेली होती, पण ती पुन्हा जागी होऊ नये म्हणून काही कर्मचारी अंधारात बॅटऱ्या घेऊन वर चढले आणि त्यांनी हातांनी झडपा उघडून बोरॉनचं द्रावण आत सोडलं. आग विझवण्यासाठी ठेवलेले डिझेलचे पंप वापरून पाणी पुरवलं. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. त्या माणसांची नावं आपल्या पाठ्यपुस्तकात नाहीत. असायला हवी होती, असं मला शिक्षक म्हणून वाटतं.

हे सगळं मी इतक्या तावातावाने लिहितोय त्याला एक कारण आहे. जुलै २००४ मध्ये तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागून ९४ मुलं गेली. त्यानंतर मी तेव्हा जिथे शिकवत होतो त्या शाळेतही आगीबाबतचा तक्ता भरायचा होता. वाळूच्या बादल्या किती, भरलेल्या आहेत का? बादल्या होत्या, लाल रंगाच्या, ओळीने टांगलेल्या. रजिस्टर पुढे आलं आणि मी "होय" लिहून सही केली. महिन्याभराने एक बादली काढून पाहिली तर आत कागदाचे बोळे, खडूचे तुकडे आणि वाटाण्याची साल. दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन मी वाळू भरून घेतली खरी, पण आधीची सही खोटी होती ती होतीच. आग लागली नाही हे माझं नशीब, माझी कर्तबगारी नव्हे. आणि त्या महिन्याभरात वर्गात साठ मुलं बसत होती.

म्हणून त्या आयोगातल्या कारकुनाला किंवा इंजिनियरला हसायला माझी जीभ रेटत नाही. त्याच्यापुढे प्रमाणपत्र आलं असेल, टेबलावर आणखी पन्नास फायली असतील, आणि त्याने सही केली असेल. मी तर बादली दोन हातांवर असताना केली.

असो. लेख लांबला. घरोघरी आता गॅसची नळी असते, तिच्यावर मुदतीचं वर्ष छापलेलं असतं. हा लेख वाचून झाल्यावर उठून तेवढं एकदा बघा. आपल्या डोळ्यांनी बघा, सूनबाईंना विचारू नका. मीही आत्ताच बघून आलो. आमची २०२३ ला संपली होती.