सुलटी बाजू, उलटी बाजू

पात्म बेटावर संत योहानाला घडलेले दर्शन चौदाव्या शतकातील फ्रान्सच्या विणकरांनी लोकरीत विणून ठेवले आहे. आंजूचा ड्यूक पहिला लुई याच्या आज्ञेवरून १३७७ ते १३८२ च्या सुमारास सिद्ध झालेली ही चित्रजवनिका, अर्थात टॅपेस्ट्री, 'आंजेचे प्रकटीकरण' म्हणून ख्यातकीर्त आहे. चित्रकार झां बोंदोल याने आराखडे रेखाटले, पॅरिसचा व्यापारी निकोला बाताय याने काम करवून घेतले. मूळची दृश्ये नव्वद. ज्यांच्या बोटांतून ती उतरली, त्या विणकरांची नावे मात्र काळाच्या उदरात गडप झाली.

चित्रजवनिका म्हणजे चित्र रंगवलेले किंवा भरलेले वस्त्र नव्हे. बायो येथील अकराव्या शतकातील प्रसिद्ध पटाला लोक टॅपेस्ट्री म्हणत असले, तरी ते तयार कापडावरील भरतकाम होय. खऱ्या चित्रजवनिकेत चित्र आणि वस्त्र एकाच वेळी जन्माला येतात. मागावर उभा ताणा लावलेला असतो. प्रत्येक रंगाचा आडवा धागा स्वतंत्र कांडीवर असतो आणि आपल्या रंगाची हद्द संपताच तो तिथूनच मागे वळतो. पुढची जागा शेजारचा रंग घेतो. हे आडवे धागे इतके दाबून बसवतात की ताणा दृष्टीस पडत नाही.

ही रीत आपल्या महाराष्ट्राला परकी नाही. गोदावरीकाठच्या पैठणची आणि पुढे येवल्याची ओळख ठरलेल्या, पेशवाईत मोठा आश्रय लाभलेल्या पैठणीचा पदर याच तत्त्वावर विणला जातो. तिकडे लोकर, इकडे रेशीम आणि जर. तिकडे सात मस्तकांचा अजगर, इकडे मोर, कमळ आणि आसावली. परंतु रंगाशी रंग गुंतवणारा हात एकाच जातकुळीचा. म्हणूनच जाणती गृहिणी पैठणी घेताना पदर उलटून पाहते. अस्सल विणीत मोर दोन्ही बाजूंनी सारखाच रेखीव असतो.

आंजेच्या विणकरांनी हीच कसोटी स्वतःला लावून घेतली होती. धाग्यांची टोके मागे लोंबकळत सोडण्याची रीत असताना त्यांनी ती आत दडवली आणि भिंतीकडे तोंड करून राहणारी बाजूही दर्शनी बाजूइतकीच निर्दोष केली. पुढे १४८० साली हा ठेवा आंजेच्या कॅथेड्रलकडे आला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर त्याची दैना झाली; त्याचे तुकडे थंडीत संत्र्याची झाडे झाकण्यासाठीसुद्धा वापरले गेले. एकोणिसाव्या शतकात झुबेर नावाच्या एका धर्मगुरूने ते शोधून जुळवले. आज एकाहत्तर दृश्ये उरली आहेत. दर्शनी बाजूचे रंग उजेडाने विटले. मागच्या बाजूचे, अस्तराआड राहिलेले रंग मात्र अद्याप टवटवीत आहेत. त्या कलाकृतीचे मूळ रूप आज आपल्याला कळते, ते कोणी पाहणार नाही अशा बाजूवर केलेल्या प्रामाणिक कामामुळे!

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात इचलकरंजी येथे १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. यंत्रमागाचा धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धावतो. रंगाच्या हद्दीवर थबकून वळणे हे त्याचे काम नव्हे. त्याने हजारो घरांच्या चुली पेटवल्या, गरिबाला परवडेल असे वस्त्र दिले. त्याला दोष देणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु यंत्रावरचे वस्त्र जेव्हा हातमागाची पैठणी म्हणून विकले जाते, तेव्हा विणकराचे महिनोन्‌महिन्यांचे श्रम मातीमोल होतात. ग्राहकाने पदर न उलटता केलेली खरेदी त्या अन्यायाला हातभार लावते.

गुप्तात पाहणाऱ्या पित्याविषयी प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. आंजेच्या अनामिक कारागिरांनी त्या शिकवणीवर भाष्य लिहिले नाही. त्यांनी ती विणली.