ताडीचे मडके आणि किण्वाची परंपरा

पालघरच्या पश्चिमेस सातपाटी, माहीम, केळवे असा जो किनारा पसरला आहे, तेथे ताड, शिंदी व माड हे तिन्ही वृक्ष परिचयाचे आहेत. त्यांच्या रसास विरजण लावावे लागत नाही, तो आपोआप आंबतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा होय. झाडातून पाझरणारा रस गोड असतो. परंतु तो ज्या मडक्यात साठतो त्याच्या सच्छिद्र अंगात आदल्या दिवसाच्या रसातील किण्व टिकून राहिलेले असते. कीटकांबरोबर व हवेतूनही सूक्ष्मजीव येतात हे खरे. तथापि काही तासांत रस फेसाळतो तो मुख्यतः या जुन्या मडक्याच्या बळावर. मडके हेच येथे मुरवण.

कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात याहून निराळी रीत आढळते. तेथे उडीद, तांदूळ व मोरटादी वनस्पती यांचे किण्व मुद्दाम सिद्ध करावयाचे आहे. म्हणजे किण्व आधी वाढवावे व मग मोठ्या पात्रात घालावे, ही कल्पना आपल्याकडे प्राचीन आहे. युरोपात १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हान्सेन याने एकाच पेशीपासून शुद्ध किण्व वाढविले, आणि बिअर गाळणारा आपल्या बीजाविषयी निःशंक झाला. ताडीवाल्यास अशी निश्चिती कधीच नव्हती. त्याच्या मडक्यात यीस्टबरोबर जीवाणूही नांदतात. म्हणूनच सकाळची ताडी संध्याकाळी आंबट लागते. गोव्यातील पाववाल्यांनी मात्र याच अस्थिर सुरेवर पिढ्यान्‌पिढ्या पाव फुगविला.

शब्दांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. इंग्रजी 'टॉडी' ही आपली ताडीच. मुंबई इलाख्याच्या कायद्यांत ताडाला 'ब्रॅब' म्हटले आहे. हा पोर्तुगीज 'ब्राव्हा', म्हणजे रानटी, या विशेषणाचा अपभ्रंश. ज्या झाडावर भंडाऱ्यांची उपजीविका चालत आली, ते कायद्याच्या लेखी रानटी ठरले!

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने 'ताडी' या संज्ञेत आंबलेला व न आंबलेला असे दोन्ही रस घातले. सरकारास कर हवा होता, आणि तो झाडागणिक घेता येत होता. रस गोड की आंबट, याची उठाठेव करण्याचे कारण नव्हते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा हेतू वेगळा. त्याने न आंबलेल्या रसास 'नीरा' हे स्वतंत्र नाव दिले आणि 'ताडी' आंबलेल्या रसापुरती राखली. भेद शास्त्रदृष्ट्या योग्यच. पण किण्वन हे कोणा माणसाचे कृत्य नसून काळाचे आहे, ही अडचण व्याख्येने सुटली नाही. रस काढणाऱ्याच्या हाती उपाय एकच होता : मडके स्वच्छ धुवून आतून चुना फासणे. चुन्याने किण्वाची वाढ रोखली जाते व रस नीराच राहतो. चुना कमी पडला, तर त्याच झाडाचा तोच रस दुपारपर्यंत दुसऱ्या व्याख्येत जाऊन बसे.